फरशीतला ठेका

दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर येण्याची वाट पाहत असताना, वायरीसकट रिसीव्हर घेऊन पुढे उभ्या असलेल्या काकूंचे आणि मेकॅनिकचे हे बोलणे कानी आले.

“कॉम्प्युटर कन्व्हर्टरला जोडला, कन्व्हर्टर रिसीव्हरला. गाणं वाजतं, पण तो ढमढम करणारा सबवूफर तोंड उघडेल तर शपथ!”

“त्याची वायर आत येणाऱ्या आवाजाच्या भोकात खुपसलीत, काकू. बाहेर जाणाऱ्याचं भोक वेगळं असतं. पण जपून हं, फरशी हादरेल.”

“हादरायलाच हवी. चाळीस वर्षं ड्रम वाजवले ह्यांनी. आता कान पार गेलेत, पण तळव्यांना ठेका कळतो.”

“खालचे भांडायला येतील!”

“येऊ देत. ह्यांना कुठे ऐकू जाणार आहे?”

“काका बसतात कुठे?”

“खिडकीपाशी, खुर्चीत.”

“मग सबवूफर त्यांच्या पायांशीच ठेवा. ही वायर तिथवर पुरायची नाही. थांबा, लांब देतो.”