अजून गोड आहे, थांब

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, मीच. टाकीपाशीच उभी आहे… नाही गं, बाबा बरे आहेत. वाईन गेली, ताई… गेली म्हणजे गेली! सांडली नाही, टाकी काठोकाठ भरलीये. गोडी गेली.

अगं ऐक ना… हो, हो, ब्रँडी ओतली. पण उशिरा… किती म्हणजे? पुरता एक दिवस!

वरून साखर घालू? ताई, तू याच घरात वाढलीस ना?… हो, सासरी जाऊन वीस वर्षं झाली, मान्य. म्हणून सगळंच विसरलीस? अगं, रस आंबतो तशी त्यातली साखर संपत जाते. अर्धी उरली असतानाच ब्रँडी ओतायची, की आंबणं जागच्या जागी थांबतं. गोडी आत राहते, द्राक्षाचीच. वरून साखर घातली तर सरबत होईल, तेही भिकार… हो, तीच ती आजोबांची गोष्ट. लांबच्या प्रवासात जहाजावर वाईन नासायची, म्हणून कुणीतरी पिंपात ब्रँडी घातली. समुद्रापार उघडली, तर टिकलेली, वर गोडही… हो ना. सगळी करामत वेळेवर हात चालवण्याची. आणि आम्ही वेळच घालवली.

मी? मी काल सकाळीच चाखली होती! म्हटलं, बाबा, ओतूया. तर म्हणाले, अजून गोड आहे, थांब. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी म्हटलं, काचेच्या नळीनं साखर मोजते. केवढे भडकले! चाळीस वर्षं माझी जीभ काय गवत चरत होती, म्हणे… मग काय करणार? या टाकीवर शेवटचा शब्द त्यांचाच. आज सकाळी म्हणाले, आता ओत. मी आधी चोरून मोजली. काही उरलं नव्हतं, ताई… हो, तरी ओतली. समोर उभे होते गं.

नाही, हट्ट नव्हे… अगं, तेच तर सांगतेय! मागच्या त्या तापापासून त्यांनी जेवणाला एकदा तरी नावं ठेवलीत? आठव बरं. मीठ कमी, चहा पांचट, सतत भुणभुण. सगळी बंद! तूच म्हणालीस, म्हातारपणी सुधारले… सुधारले नाहीत गं ते. त्यांना चवच लागत नाही.

रडू नकोस. अगं, तू रडलीस तर मी कुणाकडे बघू?… मी सांगू? कुठल्या तोंडानं? हे कळलं तर उद्या सकाळी उठायचं तरी कशासाठी त्यांनी?

थांब, आलेच ते. पेला भरून आणलाय… हो बाबा, ताईच आहे… काय?… काय म्हणालात?

ताई… ते मला विचारतायत. गोड आहे का गं, म्हणून… हो, मला! आजवर कुणाला विचारलं नाही त्यांनी. पेला माझ्यापुढे धरलाय… त्यांना माहीत आहे, ताई. कधीपासून माहीत आहे.

काय सांगू? माझ्या तोंडाकडे बघतायत… ताई, बोल ना काहीतरी… ताई?… हॅलो?… हॅलो?