वंशावळीतला राहिलेला गोल

पिंपळवंडीचे पावणं, डिंगोऱ्याहून आलेली आमची भावकी, आयाबायांनो. मी शैलाचा भाऊ. मला माईकवर बोलायची सवय न्हाई. पण दाजी म्हणले, भावानं दोन शब्द बोलावं. मगापासनं समदी सांगत्यात, शैला लई कष्टाची व्हती, हसऱ्या तोंडाची व्हती. खरंच व्हती. मी दुसरं सांगणार हाये. ऐकून नावं ठेवाल, तर ठेवा.

आमच्या वडलांना लघवीतनं रगत जायचं. आमी म्हणलो, मूतखडा. कुळथाचं पाणी पाजलं. चुलत्यांना तेच झालं, त्यांना बी कुळथाचंच पाणी. दोघं बी गेलं. मग आमच्या थोरल्या आण्णाला सुरू झालं, तवा पुण्याला नेलं. मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला. तिथं एक डॉक्टरीणबाई ह्याच रोगावर संशोधन करतात. त्या म्हणल्या, हा तुमच्या रक्तातनं उतरत आलाय. आईबापातल्या एकाला असला, तर पोराला येऊ शकतो तसा पोरीला बी. घरच्या समद्यांचं रक्त तपासू. गाठ लहान असताना सापडली, तर माणूस हाताला लागतो.

घरच्या समद्यांचं. हा शब्द ध्यानात ठेवा, मंडळी.

मी घरी आलो, जमिनीच्या वाटपाच्या वेळी केलेली वंशावळ काढली आन तीच बाईंना दिली. तिच्यात पोरींची नावं न्हाईत. त्यांनी हक्कसोड करून दिलेला. दोन जीप भरून माणसं नेली. चुलतभाऊ, पुतणे, पाळण्यातलं पोर सुदिक नेलं. समदी झाली म्हणून सही केली. एका चुलतभावाची गाठ बोराएवढी असताना सापडली. तो बघा, खांबाला टेकून बसलाय. माझ्यात काय निघालं न्हाई. मी पेढे वाटले.

त्या भाऊबीजेला शैला आली. ओवाळताना म्हणली, "दादा, समद्यांचं रक्त दिलंत म्हणं. माझं नको का?"

मी काय म्हणलो? म्हणलो, "तू आता त्यांच्या घरची. तुझं रक्त कशाला?"

ती हसली. मी बी हसलो. ताटात ओवाळणी टाकली.

जमिनीचा हक्क सोडता येतो, मंडळी. रक्ताचा कसा सोडणार?

दोन वर्सांनी तिला धाप लागायला लागली. तपासलं, तवा रोग मूत्रपिंडातनं फुफ्फुसात गेलेला. बाईंनी माझाच कागद काढला. म्हणल्या, ही सख्खी बहीण? मग हिचं नाव कुठाय? मी म्हणलो, दिलेली हाये ना, बाई. बाई रागावल्या न्हाईत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शैलानं त्यांना इचारलं, आण्णाला साठीत झालं, मला चाळिशीतच कसं? बाई म्हणल्या, बिघाड तोच, पण आपल्या जनुकांवर बारीक खुणा असतात, रेडिओच्या बटणासारख्या, जनुकाचा आवाज कमीजास्त करणाऱ्या. कुणाचं बटण कशानं फिरतं, ते आमी शोधतोय. अजून सापडलं न्हाई. तिच्या गाठीचा तुकडा त्यांनी अभ्यासाला ठेवून घेतला. शैला मला म्हणली, "दादा, माझा तुकडा पुण्यात नोकरीला लागला." तिला जाताना बी चेष्टा सुचत व्हती. मला अजून हसू येत न्हाई.

ह्या तुकड्यातनं पुढं कुणाचं तरी भलं व्हईल, असं लोक मला समजावतात. व्हईल बी. मला त्याचं समाधान वाटत न्हाई. माझी बहीण त्यानं परत येणार न्हाई.

तिची पोर मनीषा, मंचरला दिलीय. ती इथंच बसलीय, आन तिनंच मला सांगितलं, मामा, लपवू नका. तिचं रक्त अजून तपासलेलं न्हाई. तिच्या सासरचे म्हणतात, हा माहेरचा आजार, माहेरच्यांनी बघावा. आन दाजी, परवा तुमी काय म्हणलात? "ती आता त्यांच्या घरची."

माझंच वाक्य, दाजी. मी तुमाला काय बोलणार?

मागच्या हप्त्यात मी पुण्याला गेलो. बाईंच्या कागदावर पुरुषाला चौकोन असतो, बाईला गोल. रोग असला तर आत काळं भरायचं, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. माझ्या म्होरं त्यांनी आण्णाच्या शेजारी एक गोल काढला. शैलाचा गोल. आमच्या वंशावळीत ती पहिल्यांदा आली. आन पेन न उचलता आत काळं भरून त्याच्यावर रेघ मारली.

त्याच्या खाली मनीषाचा गोल काढलाय. त्यात काय भरायचं, ते कुणालाच ठावं न्हाई.

उठा, मंडळी. दोन मिनिटं गप उभं राहू. शैला, तू आमच्या घरची व्हतीस गं.