भाऊजींची नाचणारी

हॅलो? … ताई! बोल गं. … नाही, धाप कुठे? जिना चढून आले आत्ताच.

… हो, हो, आहे ना मूर्ती. एक पाय उचललाय म्हणून काय पळून जाणार आहे ती? … अगं, गंमत केली.

… आज संध्याकाळी? अगं, नव्या घरात आधी पडदे तरी लाव! ती ऑस्ट्रियाची ब्राँझबाई राहू दे ना चार दिवस माझ्याकडे. सामानात धक्का लागू नये म्हणूनच ठेवलीस ना? … हो, कबूल. भाऊजी गेल्यावर त्यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं सगळं देऊन टाकलंस, एवढी एकच ठेवलीस. माहीत आहे गं मला.

… कशी म्हणजे? छान आहे. … स्वच्छ आहे.

… ताई, ऐक ना. रागावू नकोस… बरं, रागाव, पण ऐक. म्हटलं, तू न्यायला येशील, जरा लख्ख करून द्यावी. काळीठिक्कर पडली होती गं नुसती! पितळ घासायची पावडर घेतली, आणि… हो. घासली. … मला काय माहीत, तो काळा रंगच जुना, मुद्दाम जपायचा असतो म्हणून! … सगळी. झगा, हात, तोंड, सगळं. पिवळीधमक झालीय. नळाची तोटी असते ना, तश्शी.

… कुठे? पाठीवर? … उजव्या खांद्याखाली… थांब, चष्मा लावते. काय असतं तिथे?

… अंगठा? कुणाचा अंगठा?

… तुटलेला हात भाऊजींनी जोडला होता? आणि वरून दिलेला रंग ओला असतानाच त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला… अगं बाई! कधी बोलली नाहीस गं!

… नाही ताई. गुळगुळीत आहे. … खिडकीशी धरलीय, उजेडात. काहीच नाही. मीच पुसला गं, माझ्या या हातांनी. … रोज? … त्यावर बोट ठेवून बसायचीस?

… शिव्या दे मला हवं तर, ताई.

… काय? फडकं? … घासलं ते? … आहे, कठड्यावर पडलंय. … हो ना, सगळा काळा रंग त्यालाच लागलाय. आता धुवायला टाक— … नाही! नाही धूत. … हातसुद्धा लावत नाही. … हो ताई. तू ये. तसंच ठेवते.