आळशी गाठ

मन्सुरा शहरातल्या दवाखान्यात इन्शिराह आपल्या नंबराची वाट बघत जपमाळ ओढत बसली होती. तेवढ्यात हाजी अताल्ला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि तिच्या मागच्या बाकावर आपल्या बायकोशेजारी, तफीदाशेजारी टेकले. इन्शिराहची जपमाळ थांबली, कान मागे लागले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मूत्राशयातल्या गाठीचे जीन्स तपासले. त्यावरून ती पुढे कशी वागेल ते कळतं म्हणे."

"भांडकुदळ निघाली ना? तुमच्या आईवर गेली असणार."

"माझी आई तुझी सख्खी आत्या होती, तफीदा."

"म्हणून तर सांगतेय. पुढे बोला."

"गाठ आळशी आहे म्हणाले. पसरायची शक्यता फार कमी."

"म्हणजे तुमच्यावर गेली!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"खरंच हो, नजर लागायची. तुमच्या भावजयीनं विचारलं तर?"

"सांग, माझं काही खरं नाही. तिची नजर दगड फोडते."

"आणि मला हसू फुटलं तर?"

"हसू कुठलं? तू तर रडतेयस."

"चाळीस वर्षं तुमच्या आळसाला शिव्या घातल्या हो मी! उद्या झोपा दुपारपर्यंत. नाही उठवणार."