टिश्यूचं पाकीट आणि सातबारा

आमच्या सासऱ्यांचं सिंगापूरशी कशावरून वाजलं, माहितीये? सातबाऱ्यावरून! ते निवृत्त तलाठी. पासिर रिसला आम्ही फ्लॅट घेतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "जमीन कोणाच्या नावावर?"

"सरकारच्या, बाबा. देश एवढासा, तोही समुद्रात भराव टाकून वाढवलेला. घर नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर मिळतं."

"म्हणजे भाडेकरूच की! मी नाही पाय ठेवणार त्या घरात."

मी कशाला वाद घालतेय? म्हटलं, आधी जेवून घेऊ, आणि त्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत नेलं. दुपारची ही गर्दी! बाबा थेट एका रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले.

"उठा बाबा, हे धरलेलं आहे."

"कोणी? इथे तर कोणीच नाही!"

मी टेबलावरचं टिश्यूचं पाकीट दाखवलं. "हे ठेवलं की जागा आपली. माणूस जेवण आणायला गेलाय."

"आणि कोणी उचलून फेकलं तर?"

"नाही फेकत कोणी."

तेवढ्यात एक चिनी आजी ट्रे घेऊन आल्या, बाबांकडे बघून हसल्या आणि आपल्या पाकिटासमोर बसल्या. बाबा चटकन उठले. "अगं, आमच्याकडे सातबारा हातात असून लोक बांध कोरतात!"

संध्याकाळी फ्लॅट बघायला मुकाट्याने आले. सगळ्या खोल्या फिरले. निघताना बघते तर मागच्या खोलीच्या खिडकीत टिश्यूचं पाकीट.

"बाबा, तुमचं पाकीट राहिलं!"

दारातूनच म्हणाले, "राहिलं नाही. ठेवलंय."