जावयाचा चावा

हॅलो?... हो, लुरीनच बोलतेय... कोण? अगंबाई, आर्डिसबाई! तुम्हालाच लावणार होते... नाही, नाही! वेन्डेल ठणठणीत आहे... अहो, रडू नका... आहे, पाय आहे. दोन्ही आहेत. आत्ताच बघून आले.

'अर्धा खाल्ला'? कोण म्हणालं?... जळो मेला तो टीव्ही! अहो, शार्क कसला, मुशी म्हणा. माझ्या हाताएवढी. घोट्याला चावली, चव आवडली नाही, निघून गेली... चव म्हणजे... तुमच्या मुलाला नावं नाही ठेवत हो मी!

हो... हो... ऐका ना... आयोवात असलं होत नाही, मान्य. मक्याच्या शेतात चावणार कोण?

काय? लग्न मोडायचं?... विहीणबाई, शनिवारी लग्न! कोळंबी सांगितलीय, केक झालाय, जोलीनचा झगा दारामागे लटकतोय...

अहो, अख्ख्या जगात वर्षभरात शार्क चावतो किती जणांना? शाळेच्या एका बसमध्ये मावतील सगळे!... हो, त्यातले बरेचसे आमच्याच फ्लोरिडाचे, ते आहेच... पण उलट बरंच झालं!... अहो, आमचा क्लाइड! साखरपुड्यापासून अडून बसलेला. 'ज्याला शार्कनं चाखलं नाही, तो माझा जावई कसला? मी नाही पोरीला हात धरून चर्चमध्ये नेणार.' स्वतःच्या पोटरीवरचा चावा दिसावा म्हणून थंडीतसुद्धा हाफ पँट घालतो हो हा माणूस! शार्कनं मागून येऊन गाठलं म्हणे... पोर रोज रडायची. आणि आज? वेन्डेलच्या गळ्यात पडून क्लाइडच रडला. आपली सर्फिंगची फळी देऊन टाकली त्याला!

आता ओसरीवर विद्यापीठातला माणूस आलाय. जगभरातले चावे मोजतो. एकच विचारतो, शार्क आपणहून चावला, की तुम्ही खोडी काढलीत? खोडी काढली असेल, तर चावा धरत नाहीत... तेच तर! तुमचा वेन्डेल कसली खोडी काढतोय? मुंगीलासुद्धा वाट देणारं पोर...

काय म्हणालात?... परत सांगा... परवा वेन्डेलनं फोन करून तुम्हाला विचारलं? सगळ्यात उग्र वासाचा मासा कोणता?... आणि पाण्यात न सुटणारी गाठ कशी मारायची?

अरे देवा. घोट्याला मासा बांधून उतरला की काय हा!

हळू बोला, विहीणबाई... हो, मीच ओरडतेय. पण कुणाला सांगू नका, शपथ आहे. चावा बाद झाला, तर जावई बाद!... तुम्ही रडताय पुन्हा?... मलाही भरून आलंय हो. माझ्या लेकीसाठी पोरानं पाय पुढे केला...

थांबा, थांबा. खिडकीतून ऐकू येतंय... तोच सांगतोय सगळं! अहो, याला खोटं बोलायला शिकवलं नाहीत का?... चर्चमध्ये वाढवलात ना? भोगा आता!... क्लाइड उठला... खुर्ची पडली... देवा रे...

हसतोय. आर्डिसबाई, क्लाइड हसतोय! पाठ थोपटतोय त्याची... काय म्हणतो?... 'पोरा, माझासुद्धा बादच केला होता त्यांनी'?... शार्कची शेपटी ओढली होती?... आणि मला इतकी वर्षं 'मागून आला, मागून आला'!

विहीणबाई, ठेवते मी. तुम्ही शनिवारी या. लग्न होणार म्हणजे होणार, तोवर नवरीचा बाप धडधाकट राहिला तर!... ए क्लाइड! पाय झाक आधी तो!