वाडीतला टायर

दामिनी नगरपरिषदेत पाणीपट्टी भरायला रांगेत उभी होती. पुढच्या म्हातारीच्या खांद्यावर मोटरसायकलचा जुना टायर बघून तिला विचारल्याशिवाय राहवेना. पण तिच्याआधी म्हातारीच्या पुढचा माणूसच वळला.

"काहून मावशी, टायर कायले आणला?"

"कोनीतरी माह्या घरामागच्या वाडीत टाकून गेला. कचरा डेपोवाले म्हनतात, पयले फी भर, मंगच घेऊ."

"नवीन नियम आहे न. आमा पंचरवाल्यायची लय पंचाईत करून ठेवली."

"तुमचं पंचरचं दुकान आहे?"

"हो, सिहोरा रोडवर. मी बी फीचंच विचाराले आलो."

"मंग तुमीच सांगा, दुसऱ्याच्या टायरची फी मी काहून भरू?"

"नका भरू. माती भरा अन् वांगे लावा त्यात."

"जुना आहे जी. माती टिकन काय?"

"टिकते न. आतून दोन ठिगळं लावले आहेत, पक्के."

म्हातारीनं टायर खाली उतरवला आणि आतून हात फिरवला.

"दोनच आहेत."

रांग पुढे सरकली. पंचरवाला जागचा हलला नाही.

"द्या मावशी इकडं. मीच भरतो फी."

"भरा बाबा. मंग घरी चला, अजून चार पडले आहेत."